माहीत आहे, पण कुणाला?

ओढ्यावरच्या पुलाखालून ट्रोल वर आला, तेव्हा परळच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दुपारचे साडेतीन वाजले होते. चटईवर पाच जण, मधे पाट जोडून केलेलं टेबल, त्यावर फासे, पेन्सिली आणि शेवेची वाटी. पाचांतली एक मुलगी नवीन होती, तिचं हे तिसरंच सेशन. तिचं पात्र मेंढपाळाच्या पोरीचं, हातात काठी, कमरेला कोयता. तिनं वीस बाजूंचा फासा टाकला, १८ पडले आणि ट्रोलचा हात कोपरापासून तुटला. मी म्हणालो, "हात खाली पडलाय, पण बोटं अजून हलतायत. आणि वर कोपराशी नवं मांस फुटायला लागलंय." तिनं "ईऽऽ" करून शेवेची वाटी लांब सरकवली. ती पुढं काहीतरी विचारणार, तेवढ्यात गिरगावहून येणारा आमचा जुना खेळाडू बोलून गेला, "सोपं आहे रे. आग लावा त्याला. आग नाहीतर ॲसिड लागलं की त्याच्या जखमा भरायच्या थांबतात."

दोन फेऱ्यांत ट्रोल जळून गेला. सगळे जिंकले. ती मुलगी पुढचा अर्धा तास फोन बघत होती.

जुना खेळाडू खोटं बोलला नव्हता, नियमही मोडला नव्हता. पण तुटलेला हात वळवळताना पाहून "आता हा मरणार कसा?" असं वाटण्याची वेळ प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकदाच येते. तिची ती वेळ दुसऱ्यानं खर्च करून टाकली होती. त्या रविवारपासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. खेळाडूला जे माहीत आहे आणि त्याच्या पात्राला जे माहीत आहे, या दोन गोष्टी टेबलावर वेगळ्या ठेवायच्या कशा? त्यात मी ज्या चुका केल्या आणि ज्या युक्त्या लागू पडल्या, त्या इथं सांगतो. तुम्ही गोष्ट चालवणारे डीएम असा किंवा खेळाडू, दोघांच्याही उपयोगाच्या आहेत.

दोन डोकी, एक जीभ

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालं. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राची ताकद, बुद्धी, कसब सगळं आकड्यांत एका कागदावर मांडलेलं असतं, त्याला शीट म्हणतात. पात्र काय करतंय ते खेळाडू तोंडानं सांगतो. जमलं की फसलं ते फासा सांगतो.

म्हणजे एकाच जिभेमागे दोन डोकी असतात. एक दादरच्या बँकेत नोकरी करणाऱ्याचं, दुसरं डोंगरातल्या लोहाराचं. बँकवाल्याच्या डोक्यातली माहिती लोहाराच्या तोंडून बाहेर पडली, की खेळणारे त्याला मेटागेमिंग म्हणतात. आमच्या टेबलावर एवढंच म्हणतात, "हे कोण बोललं, तू की तो?"

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. जखमा भरून काढणारा ट्रोल मुळात पोल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या १९६१ च्या कादंबरीतून खेळात आला. तेव्हा अगदी सुरुवातीच्या काळातही ती कादंबरी वाचलेला एखादा शहाणा टेबलावर बसलेला असू शकत होता. १९७९ मध्ये गायगॅक्सनं डीएमसाठी जाडजूड मार्गदर्शक लिहिलं आणि खेळाडूंनी ते उघडूच नये असा दम त्यातच भरला. आज त्या दमाला अर्थ उरलेला नाही. २०१४ च्या आवृत्तीतला ट्रोल ८४ पॉइंट जिवाचा, दर पाळीला १० पॉइंट भरून काढणारा, हे शेव तोंडात टाकेपर्यंत फोनवर सापडतं. माहिती रोखून धरण्यावर भिस्त ठेवू नका. ती येणारच आहे, असं धरून चाला.

न कळण्याचं सोंग

मी पहिला उपाय केला तो बंदीचा. "पात्राला माहीत नसेल ते बोलायचं नाही." पुढच्या महिन्यात दुसरा ट्रोल आणला आणि निकाल पाहिला. पाचही जण आगीकडे पाठ करून उभे. मशाल हातात असलेल्यानं ती खाली ठेवली आणि तलवार उपसली. तीन फेऱ्या सगळे निमूटपणे तलवारी मारत होते आणि माझ्याकडे बघत होते, की आता पुरे का?

तेव्हा लक्षात आलं, की आग टाळणंसुद्धा आगीच्या माहितीवरच चाललंय. ज्याला खरोखर काहीच माहीत नाही, तो हातातली मशाल कशाला खाली ठेवेल? समोर राक्षसी जनावर आणि हातात पेटता पलिता, तर तो आधी तोच भोसकेल. "मला माहीत नसतं तर मी काय केलं असतं?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसतं, कारण तुम्हाला माहीत आहे. माहिती डोक्यातून काढून ठेवता येत नाही.

मग नटाला हे कसं जमतं? लालबाग-परळची निम्मी घरं कोकणातली, त्यामुळं दशावतार पाहिलेली माणसं इथं शोधावी लागत नाहीत. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कुणी कुठलं सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि बोलायचं ते रंगमंचावर उभं राहून, सुचेल तसं. राजा झालेल्या नटाला पहाटेपर्यंत आपलं काय होणार आहे ते पुरतं ठाऊक असतं. तरी साधूच्या वेशात कपटी असुर दाराशी आला, की तो त्याला आसन देतो, हात जोडतो, माग ते देईन म्हणतो. समोर बसलेली पोरंसोरं ओरडून सांगत असतात, तरी राजा मूर्ख दिसत नाही. कारण दारी आलेल्या साधूचा मान राखणं हा त्याचा धर्म आहे. त्याच्या वागण्याला त्याचं स्वतःचं कारण आहे.

आमच्या टेबलावर हाच पहिला नियम झाला. पात्राला काय माहीत नाही ते शोधत बसू नका. पात्राला काय हवं आहे ते धरा. मेंढपाळाच्या पोरीला ट्रोल मारायचा नाहीच, तिला पलीकडं अडकलेलं कोकरू हवंय. लोहाराला बापाची तलवार मोडू द्यायची नाही. असं कारण हाती आलं, की आगीचा प्रश्न आपोआप मागं पडतो.

वाट दाखवा

तरी कधीकधी माहिती वापरावीशी वाटतेच, आणि ते दरवेळी वाईटही नसतं. अशा वेळी खेळाडूनं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: हे माझ्या पात्राला कुठून कळलं? "मला वाटलं" चालणार नाही. आजीनं सांगितलं, सैन्यात पाहिलं, पाटलाच्या वाड्यातल्या पोथीत होतं, असं ठिकाण हवं.

दुसरा: नेमकं किती कळलं? आजीच्या गोष्टीत "तो उजेडाला भितो" एवढंच असेल. आकडे आजीला माहीत नसतात.

तिसरा: हे माहीत असल्याबद्दल पात्रानं काय मोजलं? ज्यानं ट्रोल आधी पाहिलाय, त्याच्याबरोबरचं कुणीतरी तेव्हा मेलं असेल. मग तो पुढं सरसावेल, की दोन पावलं मागं होईल?

डीएमनं इथं हात आखडू नये. खेळाडूनं वाट दाखवली, तर तिच्यावर फासा टाकायला द्यावा. नियमांत मध्यम अवघड कामाला १५ आणि अवघडाला २० अशी पायरी आहे. वीस बाजूंच्या फाशात पात्राच्या बुद्धीचा किंवा कसबाचा आकडा मिळवायचा. १५ किंवा त्याच्या वर गेलं, तर आजीची गोष्ट खरी. खाली राहिलं, तर गोष्ट आठवते पण अर्धवट: आग की पाणी, नक्की काय म्हणाली होती ती? हे 'नक्की काय' टेबलावर सोडून दिलं, की पाचही जण त्यावर भांडतात, आणि ते भांडण पात्रांचं असतं.

त्या पहिल्या ट्रोलकडे आता मागं वळून पाहिलं, तर गिरगावकराला गप्प करायची गरजच नव्हती. त्यानं नव्या मुलीला एवढंच विचारायला हवं होतं, "तुझ्या मेंढरांवर लांडगा आला तर तू काय करतेस?" ती म्हणाली असती, "पलिता घेऊन धावते." बस्स. आग तीच, पण तिच्या हातून लागली असती. जुन्या खेळाडूंनी हे एक पाठ करून ठेवावं. आपल्याला उत्तर माहीत असेल, तर उत्तर सांगू नका. ज्याला ते माहीत नाही त्याला असा प्रश्न विचारा, की तो तिथवर स्वतः चालत जाईल.

मुंजा आणि राक्षस

एकदा मी विचार केला, की पाश्चात्त्य राक्षस सगळ्यांना पाठ आहेत, तर आपलीच भुतं आणू. गावाबाहेरच्या पिंपळावर मुंजा बसवला. संध्याकाळ, पानांची सळसळ, फांदीवरून लोंबणारे दोन लहान पाय. वर्णन संपायच्या आत चौघे एकदम म्हणाले, "मुंजा!" मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला पोरगा पिंपळावर राहतो, हडळीची पावलं उलटी असतात, रानात चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच जागी फिरतो, हे आमच्यातल्या कुणालाही पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

मी चिडायच्या बेतात होतो. मग ध्यानात आलं, की त्यांची पात्रंही त्याच गावातली होती. पिंपळाखालून दिवेलागणीनंतर जायचं नाही, हे त्या गावच्या लोहाराला माहीत नसेल तर तो त्या गावचा नाहीच. मेटागेमिंग म्हणून जे मी दटावणार होतो, ते त्या गावचं सामान्यज्ञान होतं. ट्रोलची आग आणि मुंजाचा पिंपळ यांतला फरक माहितीत नाही. ती माहिती पात्राच्या घरी पोचलेली आहे की नाही, यात आहे.

म्हणून खेळ सुरू करताना डीएमनं एक छोटी यादी करावी: या मुलखात शेंबड्या पोरालाही काय माहीत असतं? दहा गोष्टी पुरेत. ती यादी सगळ्यांना द्या. यादीतलं सगळं मोकळेपणानं वापरायचं, यादीबाहेरच्याला वाट दाखवायची. निम्मे वाद तिथंच मिटतात.

उलटा प्रकार राक्षसाचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस याच नावाचा एक जीव आहे. वाघाचं डोकं, उलटे तळहात, अंगात रेशमी झगा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो मंतरलेल्या क्रॉसबो बाणानं मरतो. ही कल्पना गायगॅक्सला रामायण-महाभारतातून सुचली नव्हती. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागातून ती आली. आमच्याकडं राक्षस म्हटलं की हिडिंबा येते, बकासुर येतो, गाडाभर अन्न येतं. त्यामुळं मी टेबलावर राक्षस आणला, तेव्हा खेळाडूंना फार माहीत होतं आणि त्यातलं काहीच लागू नव्हतं. एकानं खरोखरच त्याच्यासाठी भाताचा गाडा मागवला. राक्षसानं नम्रपणे आभार मानले आणि गाडीवानाचं रूप घेऊन निघून गेला.

यातून डीएमला एक सोपी युक्ती मिळते. जी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तिच्यातली एक खूण बदला आणि बदललेली खूण आधी दिसू द्या. ट्रोल आणायचाच असेल, तर त्याच्या अंगावर जुन्या भाजल्याचे डाग दाखवा. हा आगीतून वाचलेला ट्रोल आहे. मग जाणकार खेळाडूही पुढं सरकून बसतो. पण न सांगता बदलू नका. शहाण्याला तोंडघशी पाडण्यासाठी केलेला बदल हे डीएमचं मेटागेमिंगच असतं.

फाशावरचा आकडा

सगळ्यांत जास्त चोरी होते ती राक्षसांच्या माहितीची नव्हे, आकड्यांची. खेळाडू म्हणतो, "दाराला सापळा आहे का बघतो." फाशावर २ पडतात. डीएम म्हणतो, "काही दिसत नाही." लगेच दुसरा म्हणतो, "मीपण बघतो." मग तिसरा. १९ पडले असते तर कुणी हललं नसतं. पात्रांना फासा दिसत नाही, पण पाचही जण त्या दोनाकडेच बघत असतात.

यावर तीन उपाय आहेत, तुमच्या टेबलाला मानवेल तो घ्या. एक, असा फासा डीएमनं पडद्याआड टाकावा. दोन, फासा टाकूच नये. पात्राच्या सावधपणाचा ठरलेला आकडा, म्हणजे दहा अधिक त्याचं कसब, एवढ्यावर काय दिसलं ते सांगावं. तीन, एकदा पडलं ते सगळ्यांचं, आणि अपयशाला पात्राच्या जगातलं कारण द्यावं: "तू वाकून बघतोयस तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजतात." मला तिसरा आवडतो. मग पुन्हा बघायला पात्राकडं वेळच नसतो, आणि खेळाडूचा मोह पात्राच्या घाईत विरून जातो.

असाच मोह पात्रांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर होतो. एक जण तळघरात पकडला गेला, की बाजारात फिरणाऱ्या चौघांना अचानक तळघर पाहायची हुक्की येते. इथं साधा नेम ठेवा. दृश्य बदलण्याआधी प्रत्येकानं आपण पुढचा तासभर काय करणार ते सांगून टाकायचं, आणि त्याला चिकटून राहायचं. "संध्याकाळी परत आलो नाही तर मला शोधा" हे तळघरात उतरणाऱ्यानं आधीच म्हणून ठेवलं असेल, तर शोधायला जाणं रास्त. म्हटलं नसेल, तर चौघांनी भजी खावीत.

गुपितं आणि गॅलरी

पुस्तकात सोपं लिहिलेलं असतं: एखाद्याच खेळाडूला काही सांगायचं असेल, तर त्याला दुसऱ्या खोलीत न्या. चाळीत दुसरी खोली कुठली? मी त्याला गॅलरीत न्यायचो. गॅलरीत आमच्या शेजारच्या दाराशी एक आजी तांदूळ निवडत बसलेल्या असतात, मूळच्या मालवणकडच्या. तीन महिन्यांत आमच्या गोष्टीतली सगळी गुपितं त्यांना कळली होती आणि माझ्या पाच खेळाडूंना मात्र फक्त ज्याची त्याला. एकदा गोष्टीतला प्रधान फितूर आहे हे मी एकाला हळूच सांगत होतो. आत गेल्यावर तो हे कसं वापरणार, यावर आम्ही कुजबुजत असताना आजी मान वर न करता म्हणाल्या, "तुका म्हायत आसा. पन तेका म्हायत आसा काय?"

त्यानंतर मी गॅलरीत जाणं जवळजवळ सोडलं. चिठ्ठी लिहितो किंवा फोनवर मेसेज टाकतो, पण तेही क्वचित. बहुतेक गुपितं आता मी सगळ्यांसमोर उघड सांगतो: "प्रधान फितूर आहे. तुमच्या पात्रांना हे माहीत नाही. चला." सुरुवातीला खेळाडू बिचकले. मग त्यांना त्यातली मजा कळली. आपण लपवलेल्या पत्राचा पत्ता आपलंच पात्र विश्वासानं प्रधानाला सांगतंय, हे बघताना बाकीचे चौघे कपाळावर हात मारतात. गुपित लपवलं तर शेवटी एकदाच धक्का बसतो. उघड केलं तर प्रत्येक सेशनला जीव वरखाली होतो.

अर्थात कोडं असेल तिथं हे चालत नाही. खुनी कोण हे शोधणं हाच खेळ असेल, तर ते खेळाडूंपासूनही लपवायलाच हवं. गुपित उघडण्याआधी डीएमनं एवढंच विचारावं: यात मजा शोधण्याची आहे की बघण्याची?

दुसरे खेळ या बाबतीत काय करतात, तेही पाहण्यासारखं आहे. १९८४ च्या 'पॅरानोइया'त खेळाडूनं आपल्या पायरीपलीकडचे नियम माहीत असल्याचं दाखवलं, तर तो गोष्टीतलाच राजद्रोह ठरतो आणि पात्राला गोळी घातली जाते. २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये खेळाडू मधेच थांबून म्हणू शकतो, "याची तयारी मी परवाच केली होती," आणि त्याची किंमत मोजून ते दृश्य मागं जाऊन खेळतो. पात्र हुशार चोर असेल, तर खेळाडूला आता सुचलेलं त्याला आधीच सुचलेलं असणार, हे तो खेळ मान्य करतो.

उलट बाजू

आपण सगळे खेळाडूच्या जास्तीच्या माहितीवर भांडतो. पात्राला माहीत आहे आणि खेळाडूला नाही, याकडं लक्षच जात नाही. आमच्यातल्या एकाचं पात्र वीस वर्षं समुद्रावर काढलेला तांडेल आहे. तो स्वतः भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँचसुद्धा कधी चढलेला नाही. त्यानं शीड उघडं ठेवून होडी वाऱ्यावर सोडली आणि मी ती उलटवली. तो खट्टू होऊन म्हणाला, "मला कसं कळणार?" त्याला कळणार नव्हतंच. तांडेलाला कळायला हवं होतं, आणि तांडेलाच्या डोक्यात काय आहे ते सांगणं माझं काम होतं.

तेव्हा डीएमनं पात्राच्या कसबातली माहिती न मागता द्यावी: "तू तांडेल आहेस, वारा फिरलाय हे तुला मानेवर जाणवतं." दरबारात हत्यार घेऊन जायचं नसतं हे सरदाराच्या पोराला माहीत असतं, खेळाडू विसरला, तर आठवण करा. लाजरी मुलगी वाक्पटू वकिलाचं पात्र खेळत असेल, तर तिला भाषण करायला लावू नका. मुद्दा काय ते विचारा आणि फासा टाका. खेळाडूची अक्कल पात्राला उसनी द्यायची नाही असं म्हणता, तर खेळाडूची अडचणही पात्रावर लादू नका.

टेबलाबाहेरचं

सगळ्यांत जपायची माहिती तिसरीच आहे. ती ना पात्राची, ना राक्षसाची. ती शेजारी बसलेल्या माणसाची असते.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पुढं सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली, तिच्यामागे हीच माणसं होती. या नाटकाकडं खेळ खेळणाऱ्याच्या नजरेनं एकदा पाहा. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात येते. गावातल्या एकानं कोर्ट कधी पाहिलेलं नाही, म्हणून त्याला समजावं यासाठी लुटुपुटूचा खटला मांडतात आणि आरोपी करतात बाई बेणारेला. आरोप खोटा, साक्षी बनावट, सगळी गंमत. मग एकेक जण बेणारेच्या खऱ्या आयुष्याबद्दल जे ऐकलंय ते साक्षीत घालू लागतो. आरोपीचं पात्र गळून पडतं, पिंजऱ्यात खरी बाई उरते. आणि बाकीचे मात्र खेळाच्या आड सुरक्षित असतात.

आमच्या टेबलावर हे एकदा होता होता राहिलं. एकाचं घरी वडिलांशी बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या पात्राला गोष्टीत बाप भेटला, आणि दुसऱ्यानं त्या बापाच्या तोंडी एक वाक्य घातलं, जे फक्त खऱ्या घरातून आलेलं असू शकत होतं. फासे कुणीच उचलले नाहीत. मी खेळ थांबवला, चहा टाकला, आणि तो बाप गोष्टीतून कायमचा काढून टाकला. मेंढपाळानं आग लावली तर एक ट्रोल वाया जातो. इथं माणूस दुखावतो. म्हणून ट्रोलबद्दल सैल राहा, याबद्दल अजिबात राहू नका.

पहिल्या बैठकीत

फासे काढण्याआधी एक तास बसा आणि एवढं ठरवा. मुलखातल्या सामान्यज्ञानाची यादी. यादीबाहेरचं वापरायचं तर वाट दाखवायची. लपवायचे फासे कोण टाकणार. कुठली गुपितं उघड खेळायची, कुठली नाही. कुणाच्या आयुष्यातल्या कुठल्या गोष्टी टेबलावर येऊ द्यायच्या नाहीत. त्याचं कारण विचारायचं नाही. आणि चुकून कुणी बोलून गेलंच, तर ओरडायचं नाही, फक्त विचारायचं: "तू की तो?"

बाकी सोंगातून घसरणं चालू द्या. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाची सगळी गंमत पौराणिक सोंगातून गाववाल्यांच्या डोकावण्यात आहे. आमचाही लोहार दर दहा मिनिटांनी ट्रेनच्या गर्दीबद्दल बोलतो. त्यानं खेळ मोडत नाही.

गेल्या महिन्यात त्याच मेंढपाळ पोरीच्या गोष्टीत तिचा भाऊ शत्रूला मिळाला. भावाचं पात्र गिरगावकर खेळतो, आणि सगळं उघड होतं; टेबलावर पाचांनाही माहीत. गडाच्या मागच्या दाराची एकच किल्ली होती, ती तिच्या गळ्यात. भाऊ म्हणाला, "दमलीस तू. दे, आजचा पहारा मी करतो." तिनं माझ्याकडं पाहिलं, शीटकडं पाहिलं. मग गळ्याशी हात नेऊन नसलेली किल्ली काढली आणि खरोखर त्याच्या तळहातावर ठेवल्यासारखं केलं. "घोंगडी घे," ती म्हणाली, "थंडी आहे बाहेर."

गिरगावकराला दोन मिनिटं बोलता आलं नाही. दाराबाहेर तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता.